खाली सही कुणाची

पोहण्याच्या तलावाच्या भिंतीवर, टॉवेलांच्या खुंट्यांशेजारी
एक लाकडी पेटी होती. अजून आहे.
सेल्यावीकमध्ये ज्याला जे बोलायचं ते चिठ्ठीवर लिहून आत टाकायचं,
आणि शुक्रवारी सभागृहात, कॉफी गाळून झाली की
मी ते मोठ्याने वाचायचे.
चौतीस वर्षं वाचलं. आवाज बरा होता, एवढीच पात्रता.

सही कुणी करत नसे.
तशी गरज नव्हती म्हणा. सहाशे माणसं,
होस्कुल्डूरचे ओळीखाली घसरणारे शब्द सगळ्यांना पाठ,
आणि पाद्र्याच्या बायकोचे स्वल्पविराम.
आम्ही नाव झाकायचो ते
गरम कुंडात गळ्यापर्यंत बसलेला माणूस अंग झाकतो तसं.
दिसतं सगळं. बघायचं नाही, हा रिवाज.

मग ती चिठ्ठी आली. शाळेतल्या थोर्दिसबद्दल.
चार ओळी. चारही खोट्या, हे मागाहून कळलं.
मी वाचल्या.
तिसरीला अडखळले, थांबले नाही.
वाचणारीचं काम वाचणं, असं मला तेव्हा वाटे.
मार्च उजाडायच्या आत ती दक्षिणेला निघून गेली,
तिच्या खिडकीतलं जिरेनियम शेजारणीने नेलं.
ते अक्षर मात्र कुणालाच ओळखता आलं नाही.
किंवा आलं, आणि नाव गिळलं.

म्हणून ठराव: खाली नाव नसेल तर वाचायची नाही.
होस्कुल्डूर म्हणाला, नाव रंगवल्याशिवाय आपण होडी बंदराबाहेर सोडत नाही,
जीभ कशी सोडतो?
टाळ्या पडल्या. माझ्याही.
जगाला नावं ठेवायची आणि स्वतःचं नाव खिशात ठेवायचं,
हे चालायचं कसं?

पुढच्या शुक्रवारी तीन चिठ्ठ्या.
कुत्र्यांची घाण.
तलावाचं पाणी अर्धा अंश थंड.
बेकरीतल्या नव्या पावाचं कौतुक,
खाली बेकरीवाल्याच्या मेव्हण्याची सही, तारखेसकट.
सभा सव्वाआठला आटोपली.

असे किती शुक्रवार. मग नोव्हेंबरात एक:
‘मासळी कारखान्यातलं दोन नंबरचं शीतघर आतून उघडत नाही.
मंगळवारी एक बाई चाळीस मिनिटं आत होती.’
खाली कोरं.
आणि एका अक्षराची आडवी रेघ राहून गेलेली,
जी इथलं पोर पहिलीतच गिरवतं.

रात्रपाळीला अशा अठरा जणी.
बोझेना घ्या. ती नसेलही, पण घ्या.
माझं नाव म्हणजे माझं नाव, दारावरची पितळी पट्टी.
तिचं नाव म्हणजे कारखान्याने दिलेली खोली,
दर सहा महिन्यांनी नवा होणारा करार,
ग्दिन्यातल्या दोन मुलांचे हिवाळी बूट.
नावं सारख्या वजनाची नसतात,
हे सुचायला मला सत्तरी गाठावी लागली.

त्या रात्री स्वयंपाकघरात बसून
ती चिठ्ठी मी माझ्या अक्षरात उतरवली.
राहिलेली रेघ ओढली.
खाली लिहिलं: स्टेइनून, थोर्लाकची मुलगी.
मूळ कागद कोटाच्या खिशात राहिला,
धुण्यात त्याचा लगदा झाला. झाला, असं मी म्हणते.

शुक्रवारी वाचली. होस्कुल्डूर उठला.
‘शीतघरात तू कधी गेलीस?’
नाही गेले.
‘मग सही तुझी कशी?’
म्हटलं, वाक्य दुसऱ्या कुणाचं आहे, नाव माझं.
खोटं निघालं तर मला हाक मारा.

दाराला आतून मूठ बसली, डिसेंबरात, गुपचूप.
त्याचं मी काही फार सांगत नाही.
रात्री मला आठवतं ते दुसरंच:
थोर्दिसच्या त्या चार ओळींखालीही जागा होती,
बोटभर, कोरी.
इथे तू सही करशील का, एवढंच
कुणी विचारलं नाही मला.
किल्ली माझ्याकडे होती, चष्मा माझा,
विचारणार तरी कोण होतं
माझ्याशिवाय.